अ‍ॅल्युमिनियम ७०७५: कागदावर एकच, भट्टीतून निघाल्यावर वेगळं

भट्टीवाला

ड्रीमलायनरच्या (बोइंग ७८७) धाग्यावर एक-दोघांनी ठासून लिहिलंय की विमानं आता 'प्लॅस्टिकची' झाली, अ‍ॅल्युमिनियमचे दिवस भरले. तिथे वाद घातला तर तो धागा भलतीकडे जाईल म्हणून हा वेगळा काढतोय.

७८७ मध्ये वजनाने निम्मं कार्बन कॉम्पोझिट आहे, मान्य. पण २० टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १५ टक्के टायटॅनियमही आहे, ते कोणी सांगत नाही. आणि आपण पुणे-दिल्ली ज्यातून ये-जा करतो त्या ए३२० आणि ७३७ चं धड आजही अ‍ॅल्युमिनियमचंच आहे.

मी हीट ट्रीटमेंटमधला माणूस. मिश्रधातूचा विषय निघाला की लोक त्यात काय काय घातलंय ते सांगत बसतात, जस्त इतकं, तांबं इतकं. ती माहिती टेस्ट सर्टिफिकेटवर असतेच. घटक तेच ठेवून भट्टीतला वेळ आणि तापमान बदला, हातात दुसराच माल येतो. एक विमानात बसवण्यालायक, दुसरा भंगारात टाकण्यालायक.

७०७५ घ्या. जस्त साडेपाच-सहा टक्के, मॅग्नेशियम अडीच, तांबं दीडच्या आसपास, बाकी अ‍ॅल्युमिनियम. जपानमध्ये सुमितोमोने १९३६ साली असा मिश्रधातू काढला आणि तो झीरो लढाऊ विमानात गेला. अमेरिकेत अल्कोआने १९४३ मध्ये ७०७५ आणला. घनता २.८१, म्हणजे पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा. ताकद मात्र टी६ अवस्थेत (ती भट्टीत कशी येते ते पुढे सांगतो) ५७० मेगापास्कलच्या घरात, बांधकामाच्या साध्या पोलादाहून जास्त.

ही ताकद येते कशी? आधी ४७० ते ४८० अंश सेल्सिअसला माल भिजवतात. भट्टीच्या भाषेत 'सोक'. जस्त आणि मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियममध्ये घन अवस्थेतच विरघळतात. या तापमानाला माल लालसुद्धा होत नाही, डोळ्याला काही कळत नाही. सगळी भिस्त थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारांवर), आणि भट्टीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फरक अधिक-उणे ६ अंशांच्या आत लागतो. मग माल पाण्यात. इथे घड्याळ लागतं. भट्टीचं दार उघडायला लागल्या क्षणापासून मालाचा शेवटचा कोपरा पाण्याखाली जाईपर्यंत पातळ पत्र्याला पाच-सात सेकंद मिळतात, जाड मालाला पंधरा. क्रेन अडकली, बास्केट हलली, की लॉट गेला. त्यानंतर १२० अंशांवर २४ तास एजिंग, म्हणजे मंद ऊब देऊन मुरवणं. हा झाला टी६.

टी६ हा ताकदीचा राजा. पण जाड प्लेट आणि फोर्जिंगमध्ये (ठोकून घडवलेल्या भागांत) त्याने विमानवाल्यांना रडवलं. प्लेटच्या जाडीच्या दिशेने सतत ताण राहिला आणि जोडीला दमट, खारी हवा असली, की धातूच्या आतल्या स्फटिक-कणांच्या सीमेवरून तडा जातो. बाहेरून गंज दिसत नाही, वाकणं-ताणणं काही नाही, एक दिवस भाग सरळ फाटतो. या दिशेने टी६ ला सुमारे ५० मेगापास्कल ताणही धोक्याचा. ५७० च्या मालाचा हा हाल!

उपाय भट्टीतच सापडला. १०७ अंशांवर सहा-आठ तास, मग १६३ अंशांवर चोवीस तासांहून जास्त. माल मुद्दाम 'जास्त शिजवायचा'. ताकद दहा-पंधरा टक्के उतरते, पण तडा न जाता पेलणारा ताण ५० वरून ३०० पर्यंत चढतो. हा टी७३. रासायनिक तपासणी केली तर टी६ आणि टी७३ मध्ये तिळमात्र फरक सापडणार नाही.

प्रश्न विचारा, वेळ मिळेल तसं लिहितो.

चौकसबुद्धी

वाचतेय. बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. पाण्यात बुडवून थंड केल्यावर माल घट्ट व्हायला हवा ना? मग परत १२० अंशांवर तापवून तो कडक कसा होतो? लोखंडाचं उलट असतं असं ऐकलंय.

भट्टीवाला

हसायचं काय त्यात, १९०६ साली आल्फ्रेड विल्मलाही हाच धक्का बसला होता. बर्लिनजवळ तो पितळी काडतुसांना पर्याय म्हणून अ‍ॅल्युमिनियम कडक करायच्या मागे होता. चार टक्के तांबं, अर्धा टक्का मॅग्नेशियम, तापवून पाण्यात. पोलादासारखा लगेच कडक व्हायला हवा होता, झाला नाही. शनिवारी मोजमाप अर्धवट राहिलं, सोमवारी पुन्हा मोजलं तर आकडे वाढलेले. दोन दिवसांत धातू आपणहून कडक झाला होता! हाच पुढे ड्युराल्युमिन म्हणून विकला गेला.

कारण असं: पाण्यात विझवल्यावर विरघळलेले अणू अडकून पडतात. बाहेर यायची इच्छा आहे, पण थंडीत हालचाल करता येत नाही. हळूहळू, किंवा थोडी ऊब दिली की भराभर, ते एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे पुंजके करतात. धातू वाकतो म्हणजे आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. या पुंजक्यांपाशी ते सरकणं अडतं. पुंजके बारीक आणि दाट असले की ताकद जास्त. फार वेळ तापवलं तर पुंजके मोठे आणि विरळ होतात, ताकद उतरते. टी७३ मध्ये आपण तेच करतो, कारण त्याबरोबर कणांच्या सीमेवरचे पुंजकेही मोठे आणि सुटे होतात आणि तड्याला सलग वाट मिळत नाही.

हे पुंजके १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी पकडले. म्हणजे वीसेक वर्षं लोक ड्युराल्युमिनची विमानं उडवत होते, आणि तो कडक का होतो हे कोणी प्रत्यक्ष बघितलंच नव्हतं.

अवांतर: राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाचा क्रँककेस आठ टक्के तांबं असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा होता. १९९४ मध्ये त्याचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर त्यातही असेच पुंजके निघाले. ओतकाम साच्यात निवताना आपोआप एजिंग झालं होतं. विल्मच्या तीन वर्षं आधी!

हँगरकाका

सुंदर धागा. मी निवृत्त आहे, सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य गेलं. वर जे 'आपणहून कडक होतो' म्हटलंय, ते आम्ही रोज हातात धरायचो.

रिव्हेटच्या डोक्यावर खूण असते. खळगा असला तर २११७ या मिश्रधातूचा, पाकिटातून काढा आणि मारा. उंच ठिपका म्हणजे २०१७. दोन उंच रेघा म्हणजे २०२४, आणि हा खरा नखरेवाला. तो तापवून विझवल्यावर मऊ असतो, पण दहा-वीस मिनिटांत हट्टाला पेटतो. म्हणून विझवला की थेट डीप फ्रीजमध्ये. थंडीत एजिंग जवळजवळ थांबतं. आमच्या हँगरमध्ये या रिव्हेटसाठी वेगळा फ्रीज होता आणि त्यात कोणी पाण्याची बाटली ठेवली की फोरमनच्या शिव्या ठरलेल्या. लागतील तेवढेच बाहेर काढायचे. एकाने गन धरायची, दुसऱ्याने पत्र्याच्या मागे बकिंग बार (टेकू देणारा जड ठोकळा), आणि झपाझप मारत सुटायचं. उशीर झालेला रिव्हेट मारला तर शॉप हेडच्या (मारून चपट्या झालेल्या टोकाच्या) कडेला बारीक चिरा पडतात, मग तो ड्रिल करून काढा आणि भोक मोठं झालं म्हणून रडा. बाहेर राहिलेले परत फ्रीजमध्ये टाकायचे नाहीत, पुन्हा भट्टीलाच पाठवायचे.

नवीन पोरांना पहिल्या दिवशी दुसरी गोष्ट शिकवायचो ती म्हणजे पत्र्यावर शिसपेन्सिलीने आखायचं नाही. ग्रॅफाइट राहिलं की तिथेच गंज धरतो. पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, क्लॅड म्हणतात. तो ओरखडला तरी कटकटच.

ओझरकर

काका, +१. पण आमच्या मिगच्या बाजूला ही फ्रीजची भानगड नव्हती. रशियन रिव्हेट व्ही६५ चा, एजिंग झालेला असतानाच मारता येतो. रशियन घराणंच वेगळं: २०२४ च्या जागी डी१६, ७०७५ च्या जागी व्ही९५. घटक जवळपास तेच, पण तपशिलात फरक, आणि एकाच्या जागी दुसरा डोळे झाकून बसवता येत नाही.

लिथियमवालं अ‍ॅल्युमिनियमही त्यांनी फार लवकर वापरलं. १४२० नावाचा मिश्रधातू साठच्या दशकातला, मॅग्नेशियम आणि लिथियम घातलेला, आणि वेल्डिंग होणारा. मिग-२९एम मध्ये तो वेल्ड करून वापरला, म्हणजे तितके रिव्हेट आणि ओव्हरलॅप वाचले. लिथियमबद्दल कोणी लिहील का?

बर्फातली_माधुरी

मी लिहिते. मॉन्ट्रियलजवळ असते, इथे एअरबसचं ए२२० विमान बनतं आणि त्याचं धड अ‍ॅल्युमिनियम-लिथियमचं आहे, त्यामुळे हा विषय रोजच्या डब्याबरोबर येतो.

लिथियम हा सगळ्यात हलका धातू, घनता पाण्याच्या निम्मी. वजनाने एक टक्का लिथियम घातलं की मिश्रधातूची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते आणि ताठपणा सहा टक्क्यांनी वाढतो. बाकी कोणतंही मूलद्रव्य घालून हे दोन्ही एकदम मिळणं अवघड. बेरिलियम देतं, पण त्याची धूळ विषारी.

मग सगळी विमानं याचीच का नाहीत? कारण सत्तर वर्षं याने लोकांना नाचवलंय. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी अल्कोआने २०२० (सालाशी संबंध नाही) काढला, व्हिजिलांटी या नौदलाच्या विमानाच्या पंखांना लावला. विमानं नीट उडाली, पण धातू ठिसूळ, ओरखड्यालाही घाबरणारा, म्हणून १९६९ मध्ये उत्पादन बंद. ऐंशीच्या दशकात दुसरी पिढी, लिथियम दोन टक्क्यांच्या वर. हलकी होती, पण प्लेट एका दिशेला ताणली तर एक ताकद, तिरकी ताणली तर दुसरी. डिझाइनवाल्याने कोणता आकडा धरायचा? आत्ताची तिसरी पिढी हाव सोडून बनवलेली आहे: लिथियम दोन टक्क्यांच्या खाली, तांबं जास्त, थोडी चांदी किंवा झिर्कोनियम. वजनातला फायदा कमी, पण विश्वास ठेवता येतो.

माझं आवडतं उदाहरण स्पेस शटलची ती मोठी नारिंगी टाकी. आधी ती २२१९ या बिनलिथियमच्या मिश्रधातूची होती. पुढे २१९५ या लिथियमवाल्याची केली आणि तीन टनांहून जास्त वजन उतरलं. जून १९९८ मध्ये एसटीएस-९१ या शटल मोहिमेत ती पहिल्यांदा उडाली. हौस म्हणून नाही केलं. आंतरराष्ट्रीय स्थानकाची कक्षा ५१.६ अंश कललेली ठरली, रशियनांना पोचता यावं म्हणून, आणि त्या कक्षेत जाताना शटलची माल नेण्याची क्षमता घटत होती. ती भरून काढायला टाकी बारीक केली. टाकी जवळजवळ कक्षेपर्यंत सोबत जाते, त्यामुळे तिथला एक किलो वाचला की जवळपास एक किलो माल जास्त नेता येतो.

ओतकाम हा वेगळाच जाच. वितळलेलं साधं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात पडलं तरी स्फोट होऊ शकतो, लिथियमवाल्याचा त्याहून भयानक. नेहमीच्या ओतकामात गरम लाद्यांवर थेट पाणी मारतात, ते इथे जीवावर बेतू शकतं. अल्कोआने म्हणून पाण्याऐवजी ग्लायकॉल वापरायची पद्धत काढली होती. वितळवायचं आर्गॉन वायूखाली, आणि सोडियम काही पीपीएमच्या (दशलक्षात काही भागांच्या) वर गेलं की माल ठिसूळ.

आणि बुरा! मशीनिंगनंतरचा लिथियमवाला बुरा साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या बुऱ्यात मिसळला की भंगारवाला घेत नाही, घेतला तर कवडीमोल. आमच्याकडे दोन्हीचे डबे वेगळ्या रंगाचे आहेत आणि चुकीच्या डब्यात हात गेला तर ऑडिटमध्ये नाव येतं.

भोसरी_सीएनसी

माधुरीताई, बुऱ्याचं पटलं. आमच्याकडे १०० किलोच्या प्लेटमधून दहा किलोचा पार्ट निघतो, बाकी सगळा बुरा. एरोस्पेसचं मशीनिंग म्हणजे बुऱ्याचाच कारखाना.

भट्टीवाले साहेब, एक दुखणं सांगतो. एका पुरवठादाराकडून ७०७५-टी६ ची प्लेट आली, ५० मिलीमीटर. पॉकेट (खोल खाचे) मारले, भिंती दोन मिलीमीटरच्या ठेवल्या, मशीनवर असेपर्यंत सगळं मापात. क्लॅम्प सोडले आणि जॉब केळ्यासारखा वाकला. सीएमएमवर (माप घेणाऱ्या मशीनवर) दीड मिलीमीटर. याच प्रोग्रामवर आधीचा लॉट सरळ आला होता. पुरवठादार म्हणतो, तुमचं फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) खराब.

भट्टीवाला

फिक्स्चर सोडा, सर्टिफिकेटवर टी६ लिहिलंय की टी६५१ ते बघा. मागचे '५१' म्हणजे विझवल्यानंतर आणि एजिंगच्या आधी प्लेट दोन्ही टोकांना पकडून दीड ते तीन टक्के ताणलेली आहे.

ते का करतात? पाण्यात प्लेटचा पृष्ठभाग आधी आकसतो, गाभा मागाहून. शेवटी बाहेर दाब आणि आत ताण, दोघांची रस्सीखेच चालू, पण बरोबरीत, म्हणून प्लेट सरळ दिसते. तुम्ही एका बाजूने पॉकेट मारलं की एका संघातले गडी कमी झाले. मशीनवर क्लॅम्पने दाबून धरलेलं असतं म्हणून कळत नाही. ताणलेल्या प्लेटमध्ये ही रस्सीखेच बरीचशी निवलेली असते.

टी६ च असेल तर आता करता येण्यासारखं: दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढा, रफिंगनंतर क्लॅम्प सोडून जॉबला वाकू द्या, मग नवा फेस मारून फिनिश करा. वेळ लागेल. आणि पुढच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) स्पष्ट लिहा, '७०७५-टी६५१'. जाड, समुद्री हवेतला भाग असेल तर 'टी७३५१', म्हणजे ताणलेला टी७३.

नवा_गडी

एवढं कशाला? थ्रीडी प्रिंट करा ना सरळ. बुरा नाही, वाकणं नाही, ताणणं नाही. भविष्य तेच आहे.

भट्टीवाला

७०७५ ची पावडर लेझरने वितळवली की गोठताना तडेच तडे पडतात. म्हणूनच छापील अ‍ॅल्युमिनियमचे बरेच भाग सिलिकॉनवाल्या ओतकामाच्या मिश्रधातूचे असतात, ताकद बेताची. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एचआरएल प्रयोगशाळेने पावडरीच्या कणांवर झिर्कोनियमचे सूक्ष्म कण चिकटवून ही अडचण सोडवून दाखवली. गोठताना धातूचे बारीक बारीक स्फटिक-कण तयार होतात आणि तडा जायला लांब सीमा उरत नाही. स्कँडियम घातलेले मिश्रधातूही आहेत, एअरबसच्या घरातला स्कॅल्मॅलॉय त्यातलाच. पण स्कँडियमचा भाव विचारलात का? आणि छापलेल्या भागालाही भट्टी चुकत नाही.

आकडेमोड

नव्या गड्याला माझ्याकडून थोडं गार पाणी. मिश्रधातू प्रयोगशाळेत जमणं आणि विमानात बसणं यात वर्षं का जातात, ते सांगतो.

डिझाइनवाला सरासरी ताकद वापरत नाही. मोडला तर विमानच पडेल अशा भागाला 'ए-बेसिस' आकडा लागतो: १०० पैकी निदान ९९ तुकडे या आकड्याच्या वर असतील, आणि हे विधान ९५ टक्के खात्रीने करता यायला हवं. वितरणाचा आकार गृहीत न धरता हे सिद्ध करायचं तर किती तुकडे तोडायचे? ०.९९ चा २९९ वा घात ०.०५ च्या जरासा खाली जातो, म्हणून किमान २९९. तेव्हा कुठे त्यातल्या सगळ्यात कमकुवत तुकड्याचा आकडा तुमचा ए-बेसिस. ते तुकडेही एकाच लॉटचे चालत नाहीत. आणि हे प्रत्येक दिशेला, प्रत्येक जाडीला, प्रत्येक टेम्परला (टी६, टी७३ सारख्या अवस्थेला). थकव्याच्या (वारंवार भार देण्याच्या) चाचण्या वेगळ्या. मशीन बदललं, पावडरचा पुरवठादार बदलला, की पुन्हा पहिल्यापासून. ७०७५ चा साठलेला डेटा ही त्याची खरी पुंजी आहे.

कोकणी_मासा

टायटॅनियम राहिलं की! आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, त्यात टायटॅनियम असतं म्हणतात. मग ते आपण का नाही काढत?

बर्फातली_माधुरी

त्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. वाळू मिळणं हा सोपा भाग. पुढे क्लोरीन लावून टेट्राक्लोराइड, मग आर्गॉनखाली वितळलेल्या मॅग्नेशियमशी झुंजवून स्पंज (सच्छिद्र टायटॅनियम), मग निर्वातात विजेच्या ठिणगीने दोनदा-तीनदा वितळवून लाद्या. जगात निघणाऱ्या इल्मेनाइटमधला मोठा हिस्सा पांढऱ्या रंगात जातो, धातू व्हायचं भाग्य थोड्याच्याच वाट्याला. भारतात केरळात चवऱ्याला स्पंजचा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला, वर्षाला ५०० टनांचा. तंत्र हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू-प्रयोगशाळेचं, पैसा इस्रोचा.

टायटॅनियमही प्रक्रियेच्या बाबतीत भट्टीवाल्यांच्याच बाजूने साक्ष देतं. एसआर-७१ हे टायटॅनियमचं अमेरिकन हेरविमान बनवताना काही वेल्ड उन्हाळ्यात केले की लवकर तुटायचे, हिवाळ्यातले टिकायचे. कारण निघालं नळाचं पाणी. शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात नगरपालिका क्लोरीन जास्त घालायची, आणि भाग त्याच पाण्याने धुतले जायचे. बोल्ट पिळायचे पाने कॅडमियमच्या मुलाम्याचे होते, त्यांनी बोल्टही खराब व्हायचे, म्हणून ते सगळे पेटीतून हद्दपार केले.

भोसरी_सीएनसी

साहेब, सर्टिफिकेट काढून बघितलं. नुसतं टी६ आहे, ५१ नाही. पुढची ऑर्डर टी७३५१ ची टाकतोय. पण पुन्हा फसवणूक झाली तर ओळखायचं कसं? आमच्याकडे फक्त हार्डनेस टेस्टर आहे.

भट्टीवाला

नुसत्या हार्डनेसवर जाऊ नका. टी७३ ला थोडा मऊ आकडा येतो, पण अर्धवट एजिंग झालेला किंवा नीट न विझवलेला मालही तोच आकडा दाखवू शकतो. जोडीला एडी करंटचा कंडक्टिव्हिटी मीटर (धातू वीज किती वाहतो ते मोजणारा) लागतो. विरघळलेलं जस्त-मॅग्नेशियम पुंजक्यांत गेलं की उरलेलं अ‍ॅल्युमिनियम वीज जास्त वाहतं, हे तत्त्व. शुद्ध तांब्याला १०० धरलं तर टी६ साधारण ३३ दाखवतो आणि टी७३ किमान ३८. ३८ च्या खाली आला की हार्डनेस कितीही देखणा असो, परत पाठवा. ३८ ते ४० च्या मधे आला तर टेन्साइलचा (तुकडा ताणून तोडायच्या चाचणीचा) रिपोर्टही मागा. ताकद गरजेपेक्षा फारच जास्त दिसली तर एजिंग कमी पडलंय. अशा मालाला दुसऱ्या टप्प्याचं एजिंग आणखी देता येतं, फेकायची गरज नाही.

मीटर लावताना प्लेट आणि कॅलिब्रेशनचे ठोकळे एकाच तापमानाला असू द्या. उन्हातून आत आणलेल्या प्लेटवर लगेच रीडिंग घेऊ नका, आणि कडेच्या फार जवळ प्रोब टेकवू नका. क्लॅड पत्रा असेल तर वरच्या शुद्ध थरामुळे आकडा फुगून येतो, तिथे क्लॅड घासून काढूनच मोजा.

भोसरी_सीएनसी

मीटरचं कोटेशन मागवलं. प्लेट आली की इथेच आकडे टाकतो. खूप आभार.